मलिद्यावरची टाप

दहा वर्षांची होते तेव्हा मला देवाधर्मातलं सगळं कळत होतं. पुढे ते दरवर्षी थोडं थोडं कमी होत गेलं, आणि आता या वयाला त्यातलं फारसं काही शिल्लक नाही. दात गेले तसं तेही गेलं. पण तेव्हाची मी, दोन घट्ट वेण्या, नाकाला कायम शेंबूड, परकराला तिळाच्या तेलाचा वास, अशी ओटीच्या कडेला उभी राहून मोठ्या बायकांना नबी किती झाले आणि कोणता कधी येणार ते सांगत असे. आज ती कार्टी समोर आली तर आधी तिच्या पाठीत धपाटा घालीन. मग कदाचित जवळ घेईन. पण धपाटा आधी.

आम्ही पोलादपूरचे तेली. शनिवारी आमचा घाणा बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. आम्ही यहुदी, स्वतःला बेने इस्राएल म्हणत असू, पण हे दोन शब्द गावात कोणाला सांगत बसायचे, म्हणून शनवार तेली हेच चालून जाई. पोलादपुरात आमचं एकच घर. महाडात आणखी मोजकी घरं, तीही सगळी नात्यातली. मोठी प्रार्थना म्हणायची तर आमच्यात दहा पुरुष लागतात, तेरा वर्षांच्या वरचे. महाड आणि पोलादपूर मिळून बाबा बोटं मोजत आणि सातव्या किंवा आठव्या बोटाशी थांबत. शेजारच्या मुसलमान खालाला तीन मुलगे होते. ती म्हणे, "माझे तिघं घेऊन जा. टोपी तेपण घालतात. तुमच्या देवाला काय कळणार हाय?" बाबा हसत, पण दर वेळी थोडं कमी हसत.

आमचा देव एकच आणि त्याला मूर्ती नाही. अशा देवाशी घरगुती गोष्टी बोलायला माणूस जरा बिचकतो. म्हणून असेल, पण आमच्या बायका बोलत त्या एलियाहू हन्नाबीशी. हा देवाचा नबी, म्हणजे प्रेषित. तो मेलाच नाही. अग्नीच्या रथात बसून सदेह वर गेला, आणि जाताना अलिबागेकडच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या घोड्यांच्या टापा उमटल्या, त्या आजही दाखवतात. मशीहा, म्हणजे शेवटी येऊन आम्हाला तारणारा, अजून यायचा आहे. तो यायच्या आधी हन्नाबी येऊन वर्दी देईल. मग मशीहा येईल आणि आमचे मेलेले आपापल्या थडग्यांतून उठतील. तोपर्यंत हन्नाबी म्हाताऱ्या वाटसरूच्या वेषात गावोगाव फिरतो आणि कोण आपल्याला पाणी देतं ते बघतो.

या शेवटच्या गोष्टीवर माझा इतका विश्वास होता, की रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याची माझ्यापासून सुटका नव्हती. कुडपणहून कोळशाची पोती घेऊन उतरणारा एक म्हातारा होता, दाढी पांढरी, हात काळे. त्याला मी संशयावरून तीनदा ताक पाजलं. चौथ्या दिवसापासून तो स्वतःच ओटीवर येऊन बसायला लागला आणि आईने मला झोडपलं.

आता ताईचं सांगते. सांगायचं आहे ते तिचंच, बाकी सगळं तिच्या भोवतीचं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन मुंबईला गेली, नवरा गिरणीत होता. दोन वर्षांनी त्यानेच तिला परत आणून सोडलं. तिला बारीक ताप येत होता, खोकला होता, आणि रुमालाला कधीकधी लाल ठिपका लागत होता. तो ओटीवर चहा प्यायला आणि म्हणाला, हवापालट झाली की घेऊन जाईन. गेला तो एक कार्ड टाकून थांबला. रोगाचं नाव घरात कोणी घेत नसे. पावसाळा कसाबसा सरला. दिवाळीनंतर ताईला उठून विहिरीपर्यंत जाववेना.

महाडाला मिशनचा एक छोटा दवाखाना होता. तिथली एक बाई महिन्यातून एकदा औषधांची पिशवी आणि शुभवर्तमानाचं पुस्तक घेऊन पोलादपूरला येई. देशावरची ख्रिस्ती विधवा, पांढरं नऊवारी, पुणेरी बोलणं, पायात काळे बूट. गाव तिला बायबलबाई म्हणे. आमच्या घरी ती हक्काने येई, कारण गावात मोशे आणि दावीद कोण हे न सांगता कळणारं दुसरं घर नव्हतं. तिने ताईची छाती कान लावून ऐकली आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, की घाटावर मिशनचं क्षयाचं इस्पितळ आहे, तिथली हवा कोरडी, तिथे आपल्या ओळखीने एक खाट मिळू शकते. पुढच्या खेपेला मंगळवारच्या सर्व्हिस मोटारीने आपण घाट चढणार आहोत. पोरीला बरोबर द्या. खाट फार दिवस रिकामी राहायची नाही.

बाबांचं मत द्यावं असं होतं. आईचं होत नव्हतं. तिला भीती इस्पितळाची नव्हती. तिला भीती होती ताई तिकडे मेली तर तिची. मेली तर ख्रिस्ती लोक तिला त्यांच्या मातीत पुरणार, उशाला क्रूस लावणार, आणि उद्या मशीहा आला की तो आमची थडगी शोधत महाडाला येणार. ताई घाटावर परक्यांच्यात पडलेली. तिला कोण उठवणार? आज हे वाचून कोणी हसेल. मीही पुष्कळ गोष्टींना हसते, पण आईच्या या भीतीला मला अजून हसता आलेलं नाही.

त्याच खेपेला ओटीवर ती प्रसिद्ध सभा झाली. प्रसिद्ध म्हणजे माझ्या डोक्यात. आई सुपात तीळ पाखडत होती. खाला पानाचा डबा उघडून बसली होती. खाला कोकणी मुसलमान, मासेमार दल्दी नव्हे, हे ती स्वतः प्रत्येकाला सांगत असे. तिचा नवरा महाडच्या बंदरावर मालाची ने-आण करायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. बायबलबाई खांबाला टेकून होती आणि ताई आत माजघरात दाराजवळच्या बाजेवर पडून ऐकत होती. आईने तिच्या मनातली मशीहाची शंका बोलून दाखवली आणि गाडी सुरू झाली.

बायबलबाई म्हणाली, मशीहा येऊन गेला, तो येशू, देवाचा पुत्र. तो पुन्हा येईल आणि तेव्हा कोण कुठे पुरलंय याची त्याला चौकशी करावी लागणार नाही. खालाने पानाला चुना लावता लावता सांगितलं, की ईसा मसीह आमच्यातपण हाय, मरियमचा मुलगा, मोठा नबी. पण देवाला मुलगा नसतो. त्याला सुळावर कोणी चढवलाच नाय, अल्लानं त्याला जिता वर उचलला. तो दमिष्काच्या मशिदीच्या मिनाराशी उतरेल, दज्जालला, त्या खोट्या मसीहाला, मारेल, लग्न करेल, मग मरेल आणि मदिन्यात त्याला दफन करतील. जागा राखून ठेवलेली हाय. आणि शेवटचा नबी येऊन गेला, आता नवा नबी कोणी यायचा नाय.

मी मधे तोंड घातलंच. म्हटलं, आमचा एलियाहू हन्नाबी यायचा आहे, तो आल्याशिवाय मशीहा येऊच शकत नाही. म्हणजे यांचा आला तो मशीहा नव्हताच. हे बोलून मी सगळ्यांकडे असं पाहिलं की जसं काही मी मोठा खटला जिंकला.

खाला म्हणाली, तुमचा एलियाहू म्हणजे आमचा इल्यास. तो जमिनीवर फिरतो, वाट चुकलेल्यांना वाट दाखवतो. पाण्यात आमचा ख्वाजा खिजर. दोघांनी वाटून घेतलंय. माझ्या नवऱ्याच्या गलबतावर खिजरच्या नावाचा दिवा होता. मला हे पटलं, कारण आमचा नबी तिला मान्य होता.

पण बायबलबाई माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "बाळ, एलियाही येऊन गेला. योहान नावाने आला, नदीवर लोकांना बाप्तिस्मा देत होता. लोकांनी त्याला ओळखलं नाही. त्याचं डोकं उडवलं."

मला हे इतकं झोंबलं की सांगता येत नाही. नवस करून आम्ही ज्याच्यासाठी ताट लावतो, तो एकोणीसशे वर्षांपूर्वीच डोकं उडवून घेऊन बसलाय? मग कुडपणच्या म्हाताऱ्याला ताक कशाला पाजलं?

आई सूप हलवायचं थांबली होती. तेव्हा खालाच म्हणाली, "तुमचा आलाच नाय. हिचा येऊन गेला. आमचा गेला तो परत यायचाय. मग आज घरात कोण हाय? आपण तिघी बाया आणि आत एक आजारी पोर." आणि पानाची पिंक टाकायला उठली. आतून ताई हसली. हसली की तिला खोकला यायचा, तो आला.

पुढच्या महिन्यात आईने हन्नाबीचा मलिदा बोलला. मलिदा म्हणजे ओलवलेले पोहे, त्यात गूळ, खवलेला नारळ आणि वेलची. ताटात त्याची रास करायची, भोवती पाच फळं मांडायची, पुरुषांनी हन्नाबीची गाणी म्हणायची आणि मग सगळ्यांनी प्रसादासारखं खायचं. नवस बोलताना किंवा फेडताना करतात. आमच्या घरची त्यात आणखी एक रीत होती, ती मी दुसऱ्या घरी पाहिली नाही. ताट मांडून झालं की त्यावर पांढरं फडकं घालायचं, माजघरात एकटं ठेवायचं, परसदार लोटून घ्यायचं पण कडी घालायची नाही, आणि सगळ्यांनी बाहेर ओटीवर बसायचं. हन्नाबीला यायचं असेल तर येऊन जाऊ द्यायचं. बाबांची आजी म्हणे, तो आला तर मलिद्यावर खूण ठेवतो. बाबांच्या आयुष्यात खूण कधी दिसली नव्हती. बाबा घाण्याचे होते, माप उचलून बघणारे. त्यांना ती दिसेल अशी आशाही नसावी.

या रीतीवर आईने सगळं टांगलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी विहिरीवर होते आणि बोलणं झालं ते त्या दोघांत. मलिद्यावर खूण दिसली तर हन्नाबीने पोरीला हातात घेतलं असं समजायचं, ती घरीच बरी होणार, कुठे पाठवायची नाही. नाही दिसली तर मंगळवारी मोटार. बाबांनी हो म्हटलं. मला वाटतं त्यांनी मनात ताईचं बोचकंही बांधून ठेवलं असेल. खूण कुठली दिसते?

शनिवारी आमच्यात प्रवास नसतो, म्हणून महाडची मंडळी रविवारी सकाळी बैलगाडीने आली. मामा, त्यांचे दोन मुलगे, आणखी तिघं. बाबांसकट सात. केळी घरची होती. पेरू, पपई आणि आवळे गावातून जमवले आणि खजूर मामांनी महाडहून आणला. ताईची बाज त्या दिवसापुरती शेजारच्या खोलीत हलवली होती. आईने ताट मांडलं, फडकं घातलं, परसदार लोटलं आणि आम्ही सगळे ओटीवर आलो. बाबांनी पुस्तक उघडलं.

ही दहा वर्षांची शहाणी मात्र घागर भरायचं निमित्त काढून परसातून वळसा घालून आत गेली.

मला मलिदा चोरायचा नव्हता. चोरला असता तर किती बरं झालं असतं. मुलं चोरतातच, आईने दोन रट्टे दिले असते आणि खूण बिण कोणी समजलं नसतं. पण मी तिथे धर्माच्या कामाला गेले होते. बायबलबाई आदल्या दिवशीच गावात आली होती, सोमवारी आमच्याकडे येणार होती, आणि मला तिला दाखवून द्यायचं होतं की एलियाहू गेलेला नाही, त्याचं डोकं जागेवर आहे आणि तो पोलादपूरला तेल्याच्या घरी येऊन गेला. वाटलं, तो खरोखर येणारच आहे, वाटेत असेल, मी फक्त थोडी आधी खूण करून ठेवते. नबीला तेवढीच मदत.

खूण कसली करायची हेही ठरलेलं होतं. खंडाळ्याच्या खडकावर असते तशी. नारळ खवून उरलेली करवंटी चुलीपाशी पडली होती. फडक्याची कड उचलली, करवंटी तिरकी धरली आणि अर्धीच कड राशीवर दाबली. अर्धगोल उमटला. फडकं परत घातलं, करवंटी जागेवर टाकली, घागर भरली आणि ओटीवर जाऊन गाण्यात सूर मिसळला. आवाजही मोठा लावला होता म्हणे मी. मामांनी नंतर कौतुक केलं.

बाबांनी फडकं उचललं आणि तसंच हातात धरून राहिले. गाणं थांबलं. मामा पुढे वाकले. कोणीतरी हळूच 'टाप' म्हणालं. आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या खांद्यांवरून मला वाटलं रडतेय, पण हात काढले तेव्हा ती हसत होती. पावसाळ्यापासून तिचा चेहरा असा पाहिला नव्हता. बाबा मात्र टापेकडे बघतच राहिले. मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि फडकं घडी करून खांद्यावर टाकलं.

"खूण झाली," आई म्हणाली. "आता मोटार नाय नि घाट नाय. पोर माझी घरीच बरी व्हायची."

त्या वेळी मला कळलं.

लगेच सांगायला हवं होतं. मी सांगते, की मी तेव्हा भित्री नव्हते. मार खायची मला सवय होती. पण ओटीवर सात पुरुष होते, आई हसत होती, आणि मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं की ज्या घरात नबी येतो त्या घरातल्या पोरी भाग्याच्या. मी पेरू खाल्ला. चांगला आठवतो, आतून लाल होता.

ताईने ताट पाहायला मागितलं. आई आणि खाला तिला धरून घेऊन आल्या. तिने बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटांना खोबऱ्याचा कीस लागलेला होता आणि मी तो परकराला पुसत होते. ती परत बाजेवर जाऊन पडली. संध्याकाळी मंडळी गाडीत बसून गेल्यावर तिने मला हाक मारली.

"घोडा लय बारीक व्हता गो," ती म्हणाली. "शिंगरू असंल."

मी बाजेच्या दोरीत तोंड घालून रडले. म्हटलं, आत्ता जाऊन आईला सांगते, मंगळवारला अजून वेळ आहे. ताईने माझी वेणी धरून ठेवली. तिच्या हातात ताकद नव्हती, ओढली असती तर सुटली असती. पण मी ओढली नाही, हेही लिहून ठेवते.

"नको सांगू. आईचं त्वांड बघितलंस का? चार दिवस तरी हसूं दे तिला." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि वरती मेले तर मला हुडकायला कोण येणार? इथं तुम्ही हाव."

मला ते मान्य करायला फार बरं वाटलं. ताईच नको म्हणते तर माझा काय दोष? ताईने माझी सुटका केली असं मी धरून चालले. दहा वर्षांच्या पोरीला सोयीचं ते लगेच पटतं. सत्तर वर्षांच्या बाईलाही पटतं म्हणा, पण ती निदान लाजते.

सोमवारी बायबलबाई आली. आईने तिला पाट दिला, मलिदा दिला आणि टापेची गोष्ट सांगितली. मी ज्या क्षणासाठी हे सगळं केलं होतं तो हाच. मी खांबाआड उभी होते. बायबलबाईने मलिदा खाल्ला नाही, पानावर तसाच ठेवला. वाद घातला नाही, योहानाचं नाव काढलं नाही. फक्त विचारलं, "नबी खूण ठेवून गेला, बरं झालं वहिनी. पण औषध ठेवून गेला का?"

आई उठून उभी राहिली. म्हणाली, तुमच्या देवानं आमच्या नबीचं डोकं उडवलं म्हणून तुम्ही सांगता, आणि तुमच्याकडे मी पोर देऊ? आईने ओटीवर कोणाचा अपमान केलेला मी तेवढाच पाहिला. बायबलबाईने पिशवी उचलली. दारातून माजघराकडे वाकून ताईला म्हणाली, "मुली, उद्या सकाळी मोटार सुटेपर्यंत मी अड्ड्यावर आहे."

मंगळवारी सकाळी मी ताईपाशी बसून तिच्या पायांना तेल चोळत होते. अड्डा आमच्या घरापासून लांब नव्हता. मोटारीचा भोंगा वाजला, इंजिन घुरघुरलं, मग तो आवाज घाटाच्या तोंडाकडे गेला आणि डोंगराआड हळूहळू बारीक होत गेला. ताई डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली.

"गेली?" तिने विचारलं.

"गेली."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला जायचं होतं. आईच्या हसण्यासाठी म्हणून ती थांबली, माझी पाठ वाचावी म्हणून थांबली, पण जायचं होतं तिला. जगायचं होतं. एकोणिसाव्या वर्षी कोणाला नसतं? हे मला त्या एका शब्दावरून कळलं आणि तेव्हाही मी उठून मोटारीमागे धावले नाही. धावून मोटार मिळाली नसती, हे खरं. पण धावले नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांच्या घरी सारखंच होतं. आईने चार दिवस नव्हे, जवळजवळ दोन महिने आनंदात काढले. ताईचा ताप कमी आला की टाप, जरा जास्त जेवली की टाप. ताप वाढला की हन्नाबी परीक्षा बघतोय. खालाने पिराचा धागा आणून बांधला, तोही आईने बांधू दिला. इल्यास तो एलियाहू हे ठरलेलंच होतं. बाबा रात्री घाणा बंद केल्यावरसुद्धा घाण्याजवळच बसून राहायला लागले. होळीच्या आठवडाभर आधी, दुपारच्या वेळी, आई भाकरी थापत असताना ताई गेली. रुमाल नव्हे, चादर भिजली.

वाचली असती का घाटावर? मोठी झाल्यावर मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, त्या काळी त्या रोगाला औषधच नव्हतं, हवा आणि दूध एवढंच. काही जगत, बरेच मरत. काही जगत, हे ऐकून मी घरी आले.

बैलगाडीतून ताईला महाडला नेलं. पाच-सहा कोस. खालाचे तिघेही मुलगे चालत बरोबर आले. दफनाला आमचे आठ पुरुष जमले. दहा झाले नाहीत, म्हणून मेलेल्यासाठी म्हणतात ती कद्दीश म्हणता आली नाही. खालाचे मुलगे कुसवाच्या बाहेर टोप्या घालून उभे होते. बाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. आठ आणि तीन अकरा, हा हिशेब तिथल्या प्रत्येकाने केला असणार. मग मातीच लोटली.

आमच्यात सात दिवस जमिनीवर बसतात. तिसऱ्या दिवशी आई एकटी होती तेव्हा मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. करवंटी, फडकं, अर्धी कड. योहानाचं डोकं. एक शब्द राखला नाही. मारेल अशी वाट पाहिली. मारलं असतं तर ते ओझं आमच्या दोघींचंही झालं असतं.

आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाली, "खोटं बोलू नको. नबी आला व्हता."

मी म्हटलं, आई, मी केलं ते, मी हाताने केलं.

"गप बस." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तो नाय आला म्हणतेस, तर मग मी तिला घरी ठेवली ती कशापायी?"

तीन धर्मांतल्या तिघींनी मला जेवढं शिकवलं होतं त्यात याचं उत्तर कुठेच नव्हतं.

पाचव्या दिवशी बायबलबाई आली. तिला महाडातच कळलं होतं. आईसमोर ती बूट काढून जमिनीवर बसली, तिच्या धर्मात तसं करत नाहीत तरी. मग आईने स्वतःहून टापेची गोष्ट पुन्हा काढली. या वेळी टाप मोठी होती, राशीच्या तळापर्यंत गेलेली, आणि फडकं कोणी न उचलता वर झालं होतं. नबी पोरीला न्यायलाच आला होता, आई म्हणाली, हे आपल्याला तेव्हा उमगलं नाही. बरं करायला आला असं आपण समजलो. चूक आपली झाली, त्याची नाही.

बायबलबाईची नजर माझ्यावर आली. ही बाई बूट घालून डोंगर उतरत होती, छातीला कान लावून रोग ओळखत होती; दहा वर्षांच्या पोरीचं तोंड तिला वाचता आलं असणारच. तिने मला जवळ बोलावलं. आईही वळून माझ्याकडे विनवल्यासारखी बघायला लागली, आणि तिने तसं कधीच कोणाकडे पाहिलेलं मला आठवत नाही, अगदी बाबांकडेसुद्धा.

"तू होतीस ना गं त्या दिवशी?" बायबलबाईने विचारलं. "खरंच आला होता?"

मी म्हटलं, "हो. मी टाप बघितली. घोड्याची होती."